आपल्यातली

"ह्याच्यावर नाव घालून मिळेल का?"

प्रश्न तसा साधाच होता. लातूरच्या बाजारपेठेतल्या, गंजगोलाईतल्या भांड्यांच्या दुकानात दिवसभर बायका तोच विचारत असतात. पण सोमेशनं मान वर केली आणि त्याच्या हातातलं नाव घालायचं मशीन नुसतंच घुर्रघुर्र करत राहिलं. समोर एक मुलगी उभी होती. एका हातात गळकी छत्री, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा, आणि कपाळाला चिकटलेली एक ओली बट... ती फुंकर मारून उडवायला बघत होती आणि बट काही उडत नव्हती.

"अहो, मी विचारलं..."

"मिळेल. अवश्य मिळेल," सोमेश म्हणाला. "कृपया आपलं नाव सांगावं."

गल्ल्यावर बसलेल्या त्याच्या वडिलांनी, सिद्धलिंगआप्पांनी, चष्मा कपाळावर चढवला. आत्ताच, पाच मिनिटांमागं, ह्याच पोरानं एका गिऱ्हाइकाला "ओ मामा, घ्या की बिनघोर! बूड गळालं तर मला येऊन हाना" असं सांगून कढई गळ्यात मारली होती. आणि आता कृपया? आपलं? पोराला ताप भरला असावा, असं आप्पांना वाटलं.

"स्वप्नाली," ती म्हणाली.

"सुंदर नाव आहे," सोमेश म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. डब्यावर मशीन टेकवलं खरं, पण नजर तिच्या बटेवरच राहिली आणि पहिलंच अक्षर वाकडं उमटलं.

"अरेरे... क्षमस्व. हे आता पुसता येणार नाही."

"असू दे की," ती हसली. "वाकडं असलं म्हणजे लगेच ओळखू येईल. आमच्या मेसमध्ये डबे फार बदलतात."

ती गेली. आप्पांनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला आणि पोराकडं बघून विचारलं, "काय रे, गोळी आनू का मेडिकलातून?"

स्वप्नाली पुण्याची. बी.फार्मसीच्या प्रवेशाच्या तिसऱ्या फेरीत तिला लातूर लागलं आणि ऑगस्टमध्ये ती दोन बॅगा घेऊन इथल्या वसतिगृहात येऊन पडली. खोली बरी होती, पाणी एक दिवसाआड का होईना येत होतं. अडचण वेगळीच होती. ती तोंड उघडायची आणि खोलीतल्या मुली एकमेकींकडं बघायच्या.

"मला खूप भूक लागली आहे," ती म्हणायची.

"बातम्या संपल्या," कुणीतरी हळूच म्हणायचं, आणि मग खिदळणं.

तेच तिचं नाव पडलं. बातम्या. "बातम्या आल्या गं!" असं दारातून कुणी ओरडलं की आतल्या गप्पा बंद. वाईट त्यांच्या मनात काही नव्हतं. पण त्या मुलींचं आपसातलं बोलणं म्हणजे एक खोली होती आणि तिला आत घ्यायला कुणी दार उघडत नव्हतं. कोण 'झोल' होतं, कोण 'बेक्कार' होतं, कुणाचा 'विषय गंभीर' होता, तिला पत्ता लागायचा नाही. ती सगळ्यांबरोबर हसायची, उशिरा आणि चुकीच्या ठिकाणी. स्वतःच्याच तोंडातल्या 'आहे'ची आपल्याला कधी शरम वाटेल, असं तिला पुण्यात कुणी सांगितलं असतं तर तिनं वेड्यात काढलं असतं.

शेवटी तिची दया आली ती खोलीतल्या रूपालीला. रूपाली रेणापूरची, जिभेनं तिखट आणि मनानं मऊ.

"आधी ते 'आहे' सोड," रूपालीनं शिकवणी सुरू केली. "'हाय' म्हन."

"हाय."

"आगं, फोनवर म्हनल्यावानी नको! पोटातून म्हन. भूक लागली हाय, जीव चालला हाय, असं."

शिकवणी दोन महिने चालली. आणि एका संध्याकाळी मेसमध्ये पातळ वरण बघून स्वप्नालीच्या तोंडून आपसूक निघालं, "कामून गं, डाळीत पानी टाकलं का पान्यात डाळ? लई बेक्कार काम हाय बे!"

अख्ख्या टेबलानं टाळ्या वाजवल्या. बाकावर एकीनं सरकून जागा केली आणि म्हणाली, "बस गं इथं. आपल्यातलीच हाय ही."

आपल्यातली! त्या पाण्यासारख्या वरणाला त्या दिवशी काय चव आली म्हणून सांगू.

इकडं गंजगोलाईत मात्र गाडी बरोबर उलटी चालली होती.

स्वप्नालीला अचानक फार भांडी लागायला लागली. वाटी लागली. मग वाटीला झाकण लागलं. मग चमचा.

"चमच्यावरसुद्धा नाव?" सोमेशनं विचारलं.

"चमचे तर जास्त हरवतात."

"मग... काट्यावरही घालून देऊ का?"

"काटा मी अजून घेतलेला नाही."

"म्हणजे आपण पुन्हा येणार."

"तुम्ही मला 'आपण' म्हणायचं सोडलंत तर येईन."

त्यानं सोडलं. 'आपण'वरून 'तुम्ही'वर आणि दिवाळीनंतर 'तू'वर आला. पण भाषा काही खाली उतरली नाही. बी.कॉमचं वर्ष सांभाळून संध्याकाळी दुकानात बसणारा हा मुलगा, गोलाईभर ज्याच्या आवाजाला तोड नव्हती, तो तिच्यासमोर आला की एकेक शब्द इस्त्री करून काढायचा. एकदा दोघं चहाला निघाले आणि पावसाची भुरभुर सुरू झाली. त्यानं आपला रुमाल तिच्या डोक्यावर धरला, वर बघितलं आणि गंभीरपणे म्हणाला, "यंदा पर्जन्यमान चांगलं आहे."

तिला इतकं हसू आलं की हातातला चहा सांडला. ते हसू त्याचं ते गोंधळलेलं, गोड तोंड बघून आलं होतं. पण त्यानं मान फिरवली. परतताना दुकानापर्यंत एक शब्द बोलला नाही आणि रुमाल तेवढा तिच्या डोक्यावर तसाच धरून राहिला.

आणि मग एक दिवस तिनं त्याचं खरं बोलणं ऐकलं. दुकानाबाहेर माल उतरत होता. सोमेशची पाठ तिच्याकडं होती. तो कुणाला तरी ओरडून काहीतरी सांगत होता, शिव्या देत होता, मध्येच खो खो हसत होता. आवाजात केवढा जीव होता! वळला, ती दिसली... आणि आवाज पडला. "अरे, स्वप्नाली. कधी आलीस?"

तिला फार एकटं वाटलं. इतक्या महिन्यांत तिच्या वाट्याला नुसतं पाहुण्यांसाठी ठेवलेलं बोलणं येत होतं. आतलं, घरातलं, रोजचं बोलणं तो कुणाकुणाला वाटत होता आणि तिला देत नव्हता. त्याच दिवशी तिनं ठरवलं. आपणच त्याच्यासारखं बोलायचं. मग त्याला अवघडायचं कारणच राहणार नाही. आणि त्याच दिवशी सांगूनही टाकायचं... जे सांगायचं होतं ते.

मुहूर्तही चालून आला. "वेळ अमावास्येला आमच्या शेतावर येशील का?" सोमेशनं विचारलं. "सर्व नातेवाईक असतील. माझ्या आईला तुला भेटायचं आहे."

वेळ अमावास्येला, म्हणजे इथल्या येळवशीला, लातूर ओस पडतं. दुकानं बंद, रस्ते मोकळे, आणि सगळं गाव आपापल्या नाहीतर दुसऱ्याच्या शेतात. ज्याला शेत नाही त्यालाही त्या दिवशी कुणी उपाशी ठेवत नाही. आप्पांच्या भांड्यांच्या टेम्पोत सतरंजी अंथरून बायकापोरं निघाली. स्वप्नाली सोमेशच्या बहिणीला, अंबिकेला, चिकटून बसली होती. डिसेंबरचा गार वारा नाकाला झोंबत होता. सोमेश मोटरसायकलवर पुढं आणि दर दोन मिनिटांनी मागं वळून बघणारा.

"ए, समोर बघ की! खड्ड्यात जाशील!" अंबिका ओरडली आणि स्वप्नालीला कोपरानं ढोसलं. स्वप्नालीनं ओढणीत तोंड लपवलं.

शेत निलंग्याच्या रस्त्याला. हिरवीगार ज्वारी, मध्ये कडब्याची झोपडीवजा कोप, कोपीत पूजा मांडलेली. पूजा झाली, आंबील शेतभर शिंपडून झाली आणि पंगत बसली. वाढायला सोमेशची आई, उमादेवी. घरात सगळे तिला कानडी वळणानं अव्वा, म्हणजे आई, म्हणत. ठेंगणी, इरकली नेसलेली, कपाळाला विभूती. आल्यापासून ती स्वप्नालीशी जरा जपूनच बोलत होती, तोंडाला पदर लावून. पण वाढायला लागली आणि हाताला जोर आला. भज्जीवर भज्जी, ती पालेभाज्या-शेंगांची घट्ट भाजी, बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे, वर तूप.

"ए म्हातारे, दम खाय की जरा!" अंबिका ओरडली. "मारती का काय खाऊ घालून?"

"तू मर," म्हणत अव्वानं तिला पळी दाखवली आणि पंगतभर हशा पिकला. अव्वाही हसली. केवढं आपलेपण होतं त्या हसण्यात! स्वप्नाली बघतच राहिली. तिला तसंच पाहिजे होतं. नेमकं तसंच.

पळी तिच्या ताटाकडं वळली. "घे लेकरा. येळवशीला लाजायचं न्हाई."

स्वप्नालीनं समोर बसलेल्या सोमेशकडं एक नजर टाकली. आता बघ, असं मनात म्हणाली. आणि दोन महिन्यांची शिकवणी पणाला लावून, ठसक्यासाठी एक शब्द पदरचा घालून, मोठ्यांदा म्हणाली, "ए म्हातारे, दम खाय की बे! मारती का काय मला?"

पळी हवेतच थांबली.

कुणी हसलं नाही. म्हणजे एक जण हसला. नांदेडहून आलेला सोमेशचा चुलतभाऊ श्रीशैल. "अब्बब! सेम आपल्यावानी करून राहिली ना! परत म्हन की, परत!" म्हणत त्यानं मोबाईल काढून तिच्यावर धरला.

आपल्यावानी करून राहिली. नक्कल. त्यांना ती नक्कल वाटली होती.  तिच्या कानशिलांतून वाफा निघायला लागल्या आणि हातातला घास तिनं परत ताटात ठेवला. अव्वाचा पदर पुन्हा तोंडावर गेला होता.

"आई," सोमेश घाईघाईनं उठला. "आई, कृपया गैरसमज करून घेऊ नकोस. तिचा तसा उद्देश नव्हता. ती केवळ विनोद करत होती."

आता तर ज्वारीसुद्धा हलायची थांबली असावी. अव्वानं पोराकडं बघितलं.  मग पळी पातेल्यात ठेवली आणि कोपीमागं निघून गेली.

"जेवा, जेवा," आप्पा म्हणाले. "श्रीशैल, तो मोबाईल ठेव आत. न्हाईतर हिरीत टाकीन."

स्वप्नाली ताटावरून उठली ती थेट बांधावरच्या बोरीपाशी जाऊन थांबली. मागोमाग अंबिका आली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, म्हणून जास्तच लागलं.

"मी... तू म्हणालीस तेच तर म्हणाले."

"मी तिची लेक हाय गं," अंबिका म्हणाली. "आन् मी बी 'बे' न्हाई म्हनत तिला. सकाळपसून एकच घोर लागला होता अव्वाला. पुन्याची पोरगी येनार, माझं बोलनं ऐकून हसल का, म्हनून. मीच म्हनलं, न्हाई हसत, चांगली हाय."

ती गेली. स्वप्नाली तिथंच मातीत बसली. मेसमध्ये टाळ्या मिळाल्या म्हणून तिला वाटलं होतं की दार उघडलं. तिथं बाकावर जागा मिळाली होती एवढंच, आणि ती थेट घरात शिरून घरच्या बाईला म्हातारे म्हणाली होती. धरणी दुभंगली तर बरं, असं वाटायला लावणारी ती शरम... आणि वर भूकही लागली होती, त्याची वेगळी शरम.

"स्वप्नाली." सोमेश समोर उभा. "तू वाईट वाटून घेऊ नकोस. मी त्यांना समजावून सांगितलं आहे."

"असं नको ना बोलूस!" ती एकदम ओरडली. "किती दिवस असं बोलणार आहेस माझ्याशी? तुझं खरं बोलणं मी ऐकलंय. मला का नाही देत ते?"

 तो पायानं ढेकूळ फोडत राहिला.

"तू हसशील म्हणून," शेवटी म्हणाला. "पावसात हसली होतीस."

"तू 'पर्जन्यमान' म्हणालास म्हणून हसले रे! वेडा आहेस का?"

"मग आज तू तसं का बोललीस?"

"तुला माझ्यासमोर अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. तुझ्यातली व्हावं म्हणून." तिनं डोळे पुसले. "आणि झालं काय, तर मी तुझ्या आईची थट्टा केली."

त्याचा हात पुढं आला, अर्ध्यात थांबला, मागं गेला. "चल. आपण दोघं जाऊन सांगू."

"नको. तू आलास की परत माझं भाषांतर करशील. मी एकटी जाते."

अव्वा कोपीमागं एका उपड्या टोपलीवर बसली होती. स्वप्नाली समोर उकिडवी बसली. शिकलेला एकही शब्द वापरायचा नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं.

"अव्वा, माझं चुकलं," ती म्हणाली. "मला तुमच्यासारखं बोलता येत नाही. हॉस्टेलमध्ये मुली मला हसायच्या, म्हणून मी शिकले. इथं तसं बोलले की तुम्ही मला आपली म्हणाल असं वाटलं. थट्टा नव्हती हो. मला खूप लाज वाटतेय."

अव्वानं तिच्याकडं बघितलं. डोळे लाल होते.

"तुझा राग न्हाई लेकरा. वाईट वाटलं, खोटं कामून बोलू? पर तू परकी हाईस, नवी हाईस. इसरून जाईन म्या."  पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "त्यानं मला 'आई' म्हनलं."

स्वप्नालीला कळलं नाही.

"जन्मापसून अव्वा म्हनतो. पडला, झडला, ताप आला, अव्वा. आज तुझ्यासमोर आई म्हनला. आन् ते कसलं बोलनं... सरकारी सायबावानी. माझी लाज वाटली माझ्या लेकराला. चार पाहुन्यांत वाटली."

 स्वप्नालीची मान खाली गेली. ती ज्या बोलण्यावर महिनोन् महिने भाळली होती, हसली होती, रुसली होती, त्यानं ह्या बाईचं पोर तिच्यापासून तोडलं होतं, आणि कारण आपण होतो.

मागं कडबा वाजला. सोमेश उभा होता. न थांबता मागोमाग आला होता आणि त्यानं सगळं ऐकलं होतं.

"अव्वा..." तो म्हणाला आणि मटकन तिच्या पायाशी मातीत बसला.

"जा. आई म्हन जा."

"अव्वा, खरं हाय. लाज वाटली मला." आवाज फाटका येत होता, पण त्याचा होता. गोलाईतला. "तुझी न्हाई गं... माझी. ही दुकानात आली तव्हापसून झोप न्हाई मला. काय बी बोलाया गेलं की वाटतंय, ही हसल. गावंढळ म्हनल. मनातल्या मनात आधी घोकायलाव, मग बोलायलाव. सगळा जीव त्यातच चाललाय. आन् आज तुलाच... तुलाच परकं करून टाकलं म्या." त्यानं मनगटानं नाक पुसलं. "पर काय करू? मला ही लई आवडती, अव्वा. लई म्हंजी लई."

स्वप्नाली तिथंच मातीत टेकली. इतके महिने ती ज्या बोलण्याची वाट बघत होती, ते असं आलं होतं, रडक्या तोंडानं, भलत्याच माणसाला उद्देशून.

अव्वानं पोराचं डोकं एकदा जोरात ढकललं आणि मग त्याच केसांत हात ठेवला.

"मग मला कामून सांगायलास? तिला सांग की."

सोमेश वळला. तोंड उघडलं. "स्वप्नाली, मला तुझ्याविषयी..." आणि अडकला. कपाळाला घाम आला.

"तसं नको," ती हळूच म्हणाली. "आत्ता अव्वांना सांगितलंस ना... तसंच सांग."

त्यानं मातीकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. "मला तू लई आवडतीस," तो म्हणाला. "हसायचं तर हास."

ती हसली नाही. डोळे भरून आले होते, हसणार कसं? एवढे शब्द शिकली होती, उत्तराला त्यातला एकही धावून आला नाही.

"मलाही," ती तिच्या पुणेरी बोलीत म्हणाली. "मलाही तू फार आवडतोस."

अव्वा उठली. इरकलीला लागलेली माती झटकली. "चला. पंगत खोळंबलीय," म्हणाली, आणि तिघं कोपीला वळसा घालून आले. सगळी पंगत ताटात नजर घालून, काहीच न ऐकल्यासारखी, फार मन लावून जेवत होती. स्वप्नालीचं ताट तसंच होतं, भज्जी गार झालेली. ती खाली बसली. मान वर करायचा धीर होत नव्हता. इतक्यांदेखत म्हातारे म्हटलेलं होतं आणि ते एका दिवसात धुऊन जाणारं नव्हतं.

पळी पुन्हा तिच्या ताटावर आली.

"मला म्हातारी म्हनायचं आसंल तर," अव्वा सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "आधी धा-पाच येळवशी माझ्या हातचं खाय. मग म्हन काय म्हनायचं ते."

स्वप्नालीनं मान खाली ठेवूनच ताट पुढं केलं.